संसद पूर्णा गावी हलवा

संसद दिल्लीहून उचलून भिवंडीजवळच्या पूर्णा गावात आणावी, अशी आमची नम्र सूचना आहे. जागेची अडचण नाही. नव्या लोकसभेत 888 आणि राज्यसभेत 384 आसनं आहेत. काल्हेर-राहनाळ पट्ट्यातल्या एखाद्या ऐसपैस गोदामात दोन्ही सभागृहं मावतील, वरच्या रॅकवर मंत्रिमंडळही बसेल. येण्याजाण्याचं म्हणाल, तर ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या आराखड्यात पूर्णा नावाचं स्थानक आहेच. तोवर कशेळीच्या कोंडीत खासदारांना विधेयक वाचायला भरपूर सवड मिळेल. दिल्लीत ती मिळत नाही, हीच तर तक्रार आहे.

पण खरं कारण जागा नाही, शिस्त. गोदामाशी कंटेनर लागला की आधी गेटवर नोंद, मग सील तपासायचं, चलनाप्रमाणे पेट्या मोजायच्या, संशय आला तर पेटी फोडायची. फुटका नग बाजूला काढून चलनावर 'दोन नग डॅमेज' असा शेरा, खाली ड्रायव्हरची सही. शेठ फोनवर कितीही तापला तरी सुपरवायझर ढिम्म: "शेठ, मोजून घेतो, मग पाठवतो."

संसदेचे नियमही कागदावर असेच कडक आहेत. पहिलं वाचन म्हणजे गेटवरची नोंद. मग विधेयक स्थायी समितीकडे जावं. अशा 24 समित्या आहेत, सगळ्या पक्षांचे खासदार त्यांत बसतात आणि पेटी खरी तिथे फुटते. दुसऱ्या वाचनात कलमवार चर्चा आणि दुरुस्त्या, तिसऱ्यात मतदान. हाच खटाटोप दुसऱ्या सभागृहात, आणि शेवटी राष्ट्रपतींची सही. गोम एवढीच, की समितीकडे पाठवणं सक्तीचं नाही. पीआरएस या अभ्याससंस्थेच्या हिशेबानं पंधराव्या लोकसभेत 71 टक्के विधेयकं समित्यांकडे गेली, सतराव्या लोकसभेत 16 टक्के. बाकीच्या पेट्या सीलसकट पुढे. पूर्ण्याच्या सुपरवायझरनं हे केलं असतं तर संध्याकाळीच हिशेब करून घरी पाठवला असता.

वेगाबद्दल मात्र दिल्लीला मानलं पाहिजे. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक 20 ऑगस्ट 2025 ला लोकसभेत पास, 21 ला राज्यसभेत, 22 ला राष्ट्रपतींची मोहोर. आमच्याकडच्या ऑनलाइन कंपन्यांनाही दोन दिवसांत दिल्लीहून पार्सल आणताना घाम फुटतो. कृषी कायद्यांच्या तीन विधेयकांपैकी दोन 20 सप्टेंबर 2020 ला राज्यसभेनं आवाजी मतदानानं मंजूर केली. विरोधक मतविभागणी मागत होते, पण गोंधळात त्यांचा आवाज आवाजी मतदानात धरला गेला नाही. पुढे माल परत आला. परतीच्या मालाची तर गोदामात दुप्पट तपासणी होते, का परत आला ते लिहून ठेवतात. 29 नोव्हेंबर 2021 ला हे कायदे रद्द करणारं विधेयकही चर्चेविना, मिनिटांत मंजूर झालं. आला तसा गेला!

उघडून पाहिलं तर काय होतं, हे पूर्णा गावाला चांगलं ठाऊक आहे. मुंबईच्या जकातीमुळे वेशीबाहेर माल ठेवायची पद्धत पडली आणि इथल्या भातखाचरांत गोदामं उगवली. ती जकात मोडीत काढणारी जीएसटीची घटनादुरुस्ती लोकसभेनं मे 2015 मध्ये मंजूर केली, तेव्हा राज्यसभेनं ती अडवून प्रवर समितीकडे धाडली. एक टक्क्याचा जादा कर गळाला, दुरुस्त्यांसह विधेयक ऑगस्ट 2016 मध्ये पुन्हा लोकसभेत आलं, निम्म्या राज्यांनी होकार भरला, आणि 1 जुलै 2017 ला जकातनाके थंडावले. दरांमध्ये डॅमेज पुढेही निघत राहिलं, ते सोडा. पण जकात गेली तरी गोदामं काही ओस पडली नाहीत, उलट वाढली.

सदस्यांना तरी किती बोलायचं? 1985 च्या पक्षांतरबंदीपासून व्हिप मोडून मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. ज्याला पेटीला हात लावायचीच चोरी, तो आत काय आहे ते कशाला बघेल? तो बाक वाजवतो.

घाईनं पाठवलेल्या मालाचं पुढे काय होतं तेही पाहा. सप्टेंबर 2020 मध्ये तीन कामगार संहिता, विरोधी बाकं रिकामी असताना, दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून बाहेर पडल्या. लागू झाल्या 21 नोव्हेंबर 2025 ला. म्हणजे धावत गाडी भरली आणि पाच वर्षं अंगणात उभी केली. इतका माल इतके दिवस अडला असता तर इथे भाडं कुणी भरायचं यावरून डोकी फुटली असती.

तेव्हा भिवंडीकरांनो, पुढच्या वेळी उमेदवार मत मागायला आला की त्याला रस्त्यातले खड्डे जरूर दाखवा. ते त्याला पाठ आहेत. त्यानंतर एक विधेयक हातात द्या आणि पहिली पाच कलमं वाचून समजावून सांगायला लावा. वाचेल त्याला मत द्या.