छडीवाले काका

छडीवाले काका कधीही सैन्यात नव्हते. जन्मभर त्यांनी पाटबंधारे खात्यात टिपणं लिहिली. पण काखेत वेताची छडी आडवी दाबून ते जिना उतरू लागले, की खालची पोरं क्रिकेट थांबवतात. छडीला चेंडू लागला तर मार बसत नाही, इतिहास ऐकावा लागतो.

रविवारी काका पुण्याच्या जुन्या बाजारात असतात. "मास्तरची छडी आहे, शंभर द्या," विक्रेता म्हणतो. काका भिंग काढून मुठीच्या टोपणावरचा ठसा वाचतात आणि "अरे वा!" म्हणतात. तेवढ्यात छडी पाचशेची होते.

ठशावर '११६ मराठा' दिसलं, तर छडी १९२२ च्या आधीची. त्या साली फेररचना होऊन ही पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन झाली. हे काका दूधवाल्यालाही सांगतात. दूध नासतं, काका थांबत नाहीत.

ब्रिटिश शिपाई गणवेशात शहरात हिंडायला निघाला, की हातात अशी छडी असे. हात खिशात जाऊ नयेत, हा तिचा एक उपयोग. काकांचा हात मात्र छड्यांपायी सदैव खिशात.

पाहुणे आले, की काका थेट रोमला पोचतात. ल्युसिलियस नावाचा सेंच्युरियन सैनिकांच्या पाठीवर द्राक्षवेलीची छडी मोडायचा आणि "दुसरी आणा!" म्हणून ओरडायचा. सैनिकांनी त्याचं नावच तसं पाडलं. "दुसरी आणा, हेच आमचंही ब्रीद!" काका हसतात.

"इसवी सन १४ च्या बंडात सैनिकांनी त्याला मारलं, तेही सांगा," काकू आतून म्हणतात. ऐकून ऐकून त्यांचंही सगळं पाठ झालंय.

१९६० मध्ये अमेरिकन मरीनचे प्रमुख जनरल शूप यांनी छडी ऐच्छिक केली. गरज वाटेल त्याने बाळगावी, म्हणाले. शूप यांचं नाव या घरात निघत नाही.

सोसायटीत खरी पलटण पाहिलेला एकच माणूस, साताऱ्याकडचा वॉचमन. काकांनी त्याला गाठलं. "तुमच्या सुभेदारसाहेबांच्या छडीची मूठ चांदीची होती की पितळेची?"

"साहेब समोर आले की नजर सरळ ठेवायची," तो म्हणाला. "मूठ बघायला सवड कुणाला होती, काका?"