ट्रॉलीधारी बप्पा

बप्पांच्या सायकलीची दोन्ही पायडलं अजून कोरी आहेत. सीटचं कातडं फाटून आत पोतं भरलंय, मडगार्ड तारेनं आवळलंय, टायर किती बदलले याचा हिशेब त्यांचा त्यांनाच लागत नाही. पायडलाच्या रबरावर मात्र कंपनीचं नाव अजून स्पष्ट वाचता येतं. धोतर साखळीत अडकू नये म्हणून बाकीचे लोक घोट्याशी क्लिप लावतात. बप्पांची साखळी फिरतच नाही, त्यामुळं धोतर निवांत असतं.

असे बप्पा धाराशिव जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात गावागणिक एखादे सापडतात. आमचे तेर-ढोकी रस्त्यावरचे. कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली की चेअरमन नारळ फोडतात आणि इकडं बप्पा सायकलीत हवा भरतात. दोघांचाही हंगाम त्याच दिवशी सुरू होतो. ढोकीचा तेरणा कारखाना मध्यंतरी काही वर्षं बंद होता. सभासदांना उभ्या उसाची चिंता, कामगारांना थकलेल्या पगाराची. बप्पाही पारावर हळहळत बसत. सहकार बुडाल्याचं दुःख असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. एक दिवस उसासा टाकून म्हणाले, "गुरुजी, रस्त्यावर धरायला काही उरलंच न्हाई ओ."

धरण्याचंही त्यांचं एक शास्त्र आहे. एसटीला ते हात लावत नाहीत. मागची शिडी मोह घालते, पण ड्रायव्हर खड्ड्यापाशी कधी ब्रेक मारेल याचा भरवसा नाही, आणि कंडक्टर खिडकीतून आईबापाचा उद्धार करतो. मोटारसायकलवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून जाणं त्यांना हलकं वाटतं; तो माणूस वाटेत उसने पैसे मागतो. बैलगाडी वर्ज्य. "मुक्या जनावरावर आपलं वझं कशाला?" हे म्हणताना त्यांचा आवाज खरोखर भरून येतो. डिझेलवर चालणाऱ्या कुणाबद्दलही त्यांना अशी कणव नाही.

उरला उसाचा ट्रॅक्टर. त्यातही भरलेला. रिकामा परतणारा ट्रॅक्टर उधळतो, त्याच्या ट्रॉल्या टणाटण उडतात. भरलेला मात्र दोन ट्रॉल्या मागं घेऊन कण्हत जातो, आणि त्यावर टेप एवढ्या मोठ्यानं लावलेला असतो की मागं कुणी लोंबकळतंय हे ड्रायव्हरला कळण्याची सोय नाही. बप्पा डाव्या बाजूनं येतात, मागच्या ट्रॉलीची साखळी उजव्या हातात धरतात आणि पाय पसरतात. वाटेत एखादं कांडं ओढून दातानं सोलतात. दाताला लावायला हात कुठून आणतात, हे मी मुद्दाम पाहिलेलं नाही.

ही ऐश त्यांच्या घराण्यात चालत आलेली आहे. त्यांचे वडील म्हणे बार्शी लाइटला धरून जायचे. ती १८९७ सालची, अडीच फुटी रुळांवरची गाडी. पुढं येडशीवरून लातूरपर्यंत धावली. धावली हा शब्द मी रेल्वेच्या सन्मानार्थ वापरतोय. रुळाशेजारी सायकल कशी काय चालायची, असं विचारलं की बप्पा म्हणतात, "तवाची मानसंच येगळी होती."

वाद नको म्हणून एकदा मी त्यांना निबालीची गोष्ट सांगितली. इटलीचा विन्सेन्झो निबाली, २०१४ ची टूर द फ्रान्स जिंकलेला गडी. पुढच्याच वर्षी स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीत, दुसऱ्याच टप्प्यात तो मागं पडला आणि आपल्याच संघाच्या मोटारीला धरून सरसर पुढं गेला. वरून हेलिकॉप्टरचा कॅमेरा चालू होता. त्याच दिवशी त्याला शर्यतीतून काढलं. बप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "चूक त्याचीच," म्हणाले. "आपल्या वळखीच्या गाडीला कधी धरू न्हाई."

कायद्याचा प्रश्न हॉटेलात निघाला. धाराशिवच्या कोर्टात एका वकिलाकडं कारकून असलेला आमचा भाऊबंद सुट्टीला आला होता. त्यानं सुरुवातीलाच हात टेकले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२३ पायरीवर, टपावर आणि बॉनेटवर बसून जायला मनाई करतं. बप्पा तिन्हीवर नसतात. ते स्वतःच्या सीटवर असतात. १९८९ च्या रस्ता-नियमांत मोटारीनं मागं काय ओढावं याची यादीच होती: बंद पडलेली मोटार, अर्धवट जोडलेली मोटार, नोंदणी झालेला ट्रेलर, साइडकार. त्यात बप्पा कुठंच बसत नाहीत. पण ती आडकाठी ओढणाऱ्याला. ओढून घेणाऱ्याचं काय?

मग कारकुनाला चहाचा दुसरा कप आला आणि त्याबरोबर कलम २. सेमी-ट्रेलर आणि साइडकार सोडून मोटार वाहनानं ओढलेलं कोणतंही वाहन म्हणजे ट्रेलर, असं कायदा म्हणतो. आणि मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलर येतो. "म्हणजे बप्पा," तो टेबलावर बोट आपटत म्हणाला, "साखळी धरली त्या क्षणी तुमची सायकल मोटार झाली. सोडली की परत सायकल." हॉटेलात शांतता पसरली. एवढी बढती त्या सायकलीला आजवर कुणी दिली नव्हती.

भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ जास्त सरळ आहे. दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल अशा बेदरकारपणे सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवलं किंवा स्वारी केली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सायकलवाला यातून सुटत नाही. बप्पा सुटले. "म्या चालवतच न्हाई," ते म्हणाले, "तर बेदरकार कसा?"

खुद्द पोलिसांनी त्यांना एकदाच अडवलं. हवालदारानं दंडाचं मशीन काढलं, मशीननं गाडीचा नंबर मागितला, नंबर नव्हता, मशीन हटून बसलं. पूर्वी सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा लागायचा, डबलसीट दिसलं की शिट्टी वाजायची. तेव्हा सायकलवाला गुन्हेगार म्हणून ओळखीचा तरी होता. शेवटी हवालदारानं वडिलोपार्जित शिक्षा काढली: दोन्ही चाकांची हवा सोडली. बप्पांनी सायकल सरळ पुढच्या ट्रॉलीवर उसाच्या मोळ्यांत खोचली आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. हवालदारानं तोंड फिरवून घेतलं.

यातला धोका मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि तो बप्पा सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. एक हात साखळीला म्हणजे ब्रेकला एकच हात उरतो, आणि ओढ एका बाजूनं असल्यानं हँडल सतत ट्रॉलीच्या चाकाकडंच वळू पाहतं. वर ऊस ट्रॉलीच्या बाहेर फूटभर आलेला. मागं दिवा नाही. रिफ्लेक्टर लावा अशा सूचना दर हंगामाला निघतात, त्या कागदावर चांगल्या चमकतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे वळण. ट्रॅक्टर रुंद वळतो, पहिली ट्रॉली त्याच्या आतून, दुसरी तिच्याही आतून. डावीकडच्या वळणावर त्या आतल्या जागेत बप्पा असतात.

कारखान्याच्या फाट्यावर तेच झालं. ट्रॅक्टर डावीकडं वळला, मागची ट्रॉली रस्त्याची कड खात आली आणि बप्पा बाभळीतून चारीत गेले. पाय मोडला. पाणी नव्हतं, आपल्या जिल्ह्यात चारीला पाणी नसणं क्वचित असं कामी येतं. टेप चालूच होता, त्यामुळं ट्रॅक्टर वजनकाट्यावर पोचला तरी ड्रायव्हरला पत्ता नव्हता.

प्लास्टर निघालं त्या दिवशी काकूंनी त्यांना येरमाळ्याला नेलं आणि येडाई देवीसमोर उभं करून शपथ घातली: ट्रॉलीला पुन्हा हात लावणार नाही. बप्पा देवभोळे. त्यांनी शपथ आजवर मोडलेली नाही. पुढच्या हंगामात लोहाराकडून एक आकडा करून घेतला, त्याला काथ्याची दोरी बांधली, दोरीचं दुसरं टोक सायकलीच्या हँडलला. आकडा काठीनं ट्रॉलीत अडकवतात. हात लागत नाही. आता मनात आलं तरी सुटता येत नाही, ही गोष्ट त्यांना फायद्याची वाटते.

कारकुनानं तो आकडा पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला. नुसता धरलेला हात कायद्यानं जोड ठरेल का, याबद्दल त्याची त्यालाच खात्री वाटत नव्हती. "आता शंकाच न्हाई," तो म्हणाला. "ह्यो पक्का ट्रेलर. नंबर लागणार, पासिंग लागणार, मागं तांबडा रिफ्लेक्टर लागणार."

बप्पांनी बराच वेळ विचार केला.

"नंबर लागला," ते म्हणाले, "तर कारखाना वाहतुकीचं भाडं देतोय का ओ? टनावर?"