पोकरपंत

पोकरपंत कधीही हरत नाहीत. त्यांच्यावर अन्याय होतो. सोमवारी सकाळी हिंजवडीतल्या आमच्या कॅन्टीनमध्ये उपम्याची बशी घेऊन ते समोर बसले, की "काल किती गेले?" असं विचारायचं नसतं. "काय पंत, काल काय झालं?" असं मोघम विचारायचं. मग कळतं, की पंतांकडे दोन एक्के होते, समोरच्याकडे दोन राजे होते, दोघांचे सगळे पैसे मध्ये पडले आणि शेवटच्या पत्त्याला तिसरा राजा आला: 'बॅड बीट'. "शंभरात ब्याऐंशी वेळा हा डाव माझाय!" पंत चमचा रोखून सांगतात. उरलेल्या अठरा वेळांचं काय, असं विचारणारा माणूस त्यांच्या मते पत्त्याला हात लावायच्या लायकीचा नसतो.

ऑनलाइन पोकरचं वारं सुटल्यापासून बहुतेक मोठ्या ऑफिसांत असा एकेक पंत निपजला. आमच्याकडचा नमुना अस्सल. अकाउंट्सला नोकरी, खिशात दोन मोबाइल, पाकिटात लॅमिनेट केलेला एक तक्ता. कोणते दोन पत्ते आले तर खेळायचं आणि कोणते आले तर टाकून द्यायचं, हे त्या तक्त्यावर हिरव्या-लाल चौकटींत छापलेलं. पाकिटातला बायकोचा फोटो त्या तक्त्याच्या मागे गेलेला आहे. हॉस्टेलात मेंढीकोट, मंडळाच्या गणपतीत जागरणाला तीन पत्ती, असं पंतांचं शिक्षण रीतसर झालेलं. पण आता तीन पत्तीचं नाव काढलं तरी नाक मुरडतात. "तो जुगार झाला. हे स्किल आहे."

पंतांचं आराध्य दैवत अमेरिकेतल्या टेनेसीचं. नाव ख्रिस मनीमेकर, आणि आडनाव खरोखरच मनीमेकर. हा गृहस्थ अकाउंटंट. ८६ डॉलर भरून इंटरनेटवरच्या पात्रता स्पर्धेत उतरला, तिथून २००३ साली लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरला पोचला आणि ८३९ खेळाडूंत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन घरी गेला. पंत ही कथा सत्यनारायणाच्या पोथीच्या भक्तिभावाने सांगतात. तीन वर्षांनी, २००६ साली, त्याच स्पर्धेला ८,७७३ जण लोटले. त्यातल्या ८,७७२ जणांची कथा मात्र त्यांच्या पोथीत नाही. "तोही अकाउंटंट, मीही अकाउंटंट," एवढा पुरावा त्यांना पुरतो.

एक मात्र खरं. पंतांचा उपदेश खणखणीत असतो. टेक्सस होल्डेम हा खेळ त्यांच्याइतका सोपा करून कुणी सांगत नाही. प्रत्येकाला दोन झाकले पत्ते. मध्ये पाच उघडे: आधी तीन, मग एक, मग शेवटचा. सातांतून चांगल्यात चांगले पाच जुळवायचे. प्रत्येक टप्प्याला एक तर पैसे लावायचे, नाहीतर पत्ते टाकून मोकळं व्हायचं, म्हणजे 'फोल्ड'. "आणि सगळी विद्या त्या मोकळं होण्यात आहे," पंत सांगतात. बावन्न पत्त्यांतून दोन-दोनच्या १,३२६ जोड्या निघतात; सारख्या ताकदीच्या एकत्र धरल्या तर १६९ प्रकार. भरल्या टेबलावर शंभरातले ऐंशी डाव हातात येताच टाकायचे. वेगवेगळ्या रंगांची सत्ती-दुर्री आली तर तिच्याकडे दुसऱ्यांदा बघायचंही नाही. दोन एक्के सरासरी २२१ डावांत एकदा येतात, तोवर गप्प बसायचं. "पोकर हा गप्प बसण्याचा खेळ आहे," हे वाक्य ते पाऊण तास बोलल्यावर म्हणतात.

दुसरा उपदेश जागेचा, म्हणजे पोझिशनचा. जो सगळ्यांत शेवटी बोलतो त्याला बाकीच्यांचं मन कळलेलं असतं, म्हणून डाव खेळायचे ते शेवटच्या जागेवरून. हे तत्त्व पंत सोसायटीच्या सभेतही पाळतात. लिफ्टच्या वर्गणीवर सगळ्यांचं बोलून झालं, चहाचे कप परत गेले, की पंत उठतात. मागच्या सभेत चेहरा दगडासारखा ठेवून ते म्हणाले, "मी एक दमडी देणार नाही." खजिनदारांनी चष्मा लावला आणि थकबाकीवर एकवीस टक्क्यांपर्यंत व्याज लावण्याचा उपविधी शांतपणे वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला पंतांचे पैसे सोसायटीच्या खात्यात जमा. "ब्लफ पकडला गेला," ते मला म्हणाले, "पण पोझिशन बरोबर होती."

तिसरा उपदेश भांडवलाचा आणि चौथा टेबल निवडण्याचा. हे दोन्ही ते महाभारतावरून शिकवतात. एका टेबलावर आपल्या एकूण भांडवलाच्या पाच टक्क्यांहून जास्त घेऊन बसू नये. धर्मराज राज्य, भाऊ आणि बायको घेऊन बसला. शिवाय टेबलच चुकलं. समोर पैज लावणार दुर्योधन, फासे टाकणार शकुनी. पैसा एकाचा, कसब दुसऱ्याचं! "याला स्टेकिंग म्हणतात. अशी जोडी समोर दिसली की शहाण्याने नमस्कार करून उठावं." आणि मग ठरलेलं सूत्र: जिंकायचं असेल तर आपण किती चांगलं खेळतो हे बघू नका, बाकीचे किती वाईट खेळतात ते बघा. टेबलावर बकरे जास्त, तितकं टेबल सोपं. अर्ध्या तासात बकरा कोण ते कळलं नाही, तर तो आपणच.

"पण पंत, ते कळल्यावर तरी उठता येतं का?"

"न उठायला काय झालं?" पंत म्हणाले. एवढ्यात मोबाइल थरथरला, आणि पुढची वीस मिनिटं ते माझ्याकडे पाठ करून बसले.

हा उपदेश आणि हा उपदेशक यांची गाठ पडताना मी एकदा जवळून पाहिलं आहे. कंपनीची बस भूमकर चौकात अडकली होती. बाहेर हॉर्न वाजत होते, आत शेजारच्या सीटवर पंत मोबाइल आडवा धरून बसले होते. हातात बदामचा राजा आणि बदाम दश्शी. मध्ये बदाम सत्ती, बदाम दुर्री, इस्पिक एक्का, किलवर छक्की. अजून एक बदाम आला तर पंतांचे पाच बदाम पुरे. नाही आला तर हाती काही नाही. मधल्या ढिगात, म्हणजे पॉटमध्ये, सहाशे रुपये होते, त्यात समोरच्याने तीनशे लावले. पंतांनी मला तिथल्या तिथे पॉट ऑड्सची शिकवणी दिली. "बघा. तीनशे घालायचे, तेव्हा बाराशेचा पॉट. म्हणजे चारात एकदा तरी जिंकायला हवं, पंचवीस टक्के. न दिसलेले पत्ते सेहेचाळीस, त्यात बदाम नऊ. म्हणजे वीस टक्केसुद्धा नाहीत. दोन पत्ते यायचे असते तर नवाला चाराने गुणायचं, एकच यायचा असला की दोनाने. कसंही मोजा, हा फोल्ड आहे. स्वच्छ फोल्ड." पडद्यावरचं घड्याळ उलटं पळत होतं. पाच, चार, तीन. "फोल्ड," पंत पुन्हा म्हणाले, आणि त्यांच्या अंगठ्याने 'कॉल' दाबून तीनशे लावले.

बदाम नव्वी आली.

एखाद्या माणसाचं किती नुकसान एका पत्त्याने व्हावं, त्याची ती हद्द होती. पंत बाराशे रुपये जिंकले. "इंप्लाइड ऑड्स," ते खिडकीबाहेर बघत गंभीरपणे म्हणाले. बदाम आल्यावर समोरचा आणखी पैसे सोडेल ही शक्यताही हिशेबात धरायची असते, असा त्याचा अर्थ. हिशेब चोख होता. फक्त तो पैसे लावल्यानंतर सुचला. पुढच्या चार-सहा डावांतल्या एकात पंत गुलामाची वाट बघत बसले. पत्ता एकच यायचा होता आणि उरलेल्या सेहेचाळिसांत कामाचे गुलाम चार, म्हणजे शेकडा नऊसुद्धा नाही. बस चौकातून सुटेपर्यंत बाराशे गेले, आणि मागचे आठशेही. घरी गेल्यावर त्यांच्या लक्षात राहिली ती बदाम नव्वी.

पंतांचा दोष गणितात नाही, अंगठ्यात आहे. टाकून देणं त्यांच्या घराण्यात नाही. त्यांच्या माळ्यावर श्रीखंडाचे रिकामे डबे, बंद पडलेला मिक्सर आणि ज्यांचे फोन हरवून युगं लोटली असे चार्जर सुखाने नांदतात. "लागेल कधीतरी" हा त्या घराचा मूलमंत्र. अशा माणसाला अमेरिकन पुस्तकं सांगतात, की राजा-दश्शी सोडून दे! त्यात तीनशे आधीच घातलेले असले, की मग तर विचारायलाच नको. आपले पैसे मध्ये एकटे सोडून उठणं पंतांना अमानुष वाटतं.

मोबाइलवर पैसे घालवायची सोय फार होती. क्लबात माणूस पत्ते पिसून वाटतो तेव्हा तासाला पंचवीस-तीस डाव होतात. पडद्यावर त्याच्या दुपटीहून जास्त, आणि पंत दोन-दोन टेबलं मांडून बसत. शिवाय पॉटमधून ॲपवाल्या कंपनीची कापणी ठरलेली. सगळे सारख्याच तोडीचे असले तरी सगळे हळूहळू झिजणार. एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर तीस टक्के टीडीएस आला, ऑक्टोबरपासून भरलेल्या पैशांवर अठ्ठावीस टक्के जीएसटी. दिवसभर कंपनीचा पै-पैचा ताळा लावणारे पंत स्वतःच्या एक्सेलमध्ये दोनच रकाने ठेवत: 'जिंकले' आणि 'बॅड बीट'.

समोरासमोर बसण्याची हौस त्यांनी ऑफिसच्या गोवा सहलीत भागवून घेतली. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटीवर, रात्री दहा वाजता, ते काळा गॉगल लावून बसले. चेहऱ्यावर रेघ हलत नव्हती. पण चांगले पत्ते आले की पंत खुर्चीत ताठ होत आणि वेटरला "जरा लिंबू सरबत" म्हणत. तिसऱ्या सरबतापासून टेबलावरचे सगळे त्यांनी ऑर्डर दिली की पत्ते टाकू लागले. "लोक घाबरले मला," परतीच्या बसमध्ये ते म्हणाले.

कायद्याचं ज्ञान तर वकिलाला लाजवील असं. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंध कायदा आणि त्यातली निव्वळ कसबाच्या खेळांना सूट देणारी तरतूद त्यांना तोंडपाठ. रमी हा मुख्यतः कसबाचा खेळ, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली म्हटलं, तेही पाठ. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली पोकरला जुगारात बसवलं, त्या सुमारास पंतांचं वाचन थोडं मागे पडलं असावं.

मग २०२५ चा ऑगस्ट उजाडला. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर झालं आणि २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद; मग ते कसबाचे असोत की नशिबाचे. ज्या वादावर पंतांनी आमचे निम्मे लंच ब्रेक खर्ची घातले होते, तो संसदेने विचारातच घेतला नाही. काही दिवसांत ॲपवरची पैशांची टेबलं मिटली आणि उरलेली शिल्लक खात्यात परत आली. जे पंतांच्या अंगठ्याला कधी जमलं नाही, ते सरकारने त्यांच्या वतीने केलं: फोल्ड.

घरी आनंदीआनंद झाला. पंत मात्र सुतकात. उपदेश चालू होता, पण गिऱ्हाईक उरलं नव्हतं. पोराच्या वाढदिवसाला घरात बदाम सात मांडला, तर पंत पोरांना पॉट ऑड्स समजावायला लागले आणि पोरं केक खायला उठून गेली.

गेल्या महिन्यात स्वारी एकदम टवटवीत दिसली. दोन्ही मोबाइल परत टेबलावर, नजर पडद्यावर, अंगठा तयार. "शेअर बाजारातले इंडेक्स ऑप्शन्स," ते हळूच म्हणाले. "संपूर्ण कायदेशीर. शुद्ध स्किल. आणि दर आठवड्याला एक्स्पायरी!"

मला राहवेना. म्हटलं, "पंत, सेबीनेच अभ्यास केलाय. २०२१-२२ पासूनच्या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी शंभरातले त्र्याण्णव जण तोट्यात गेले. डोकी एक कोटीच्या वर, आणि डोक्यामागे तोटा सरासरी दोन लाख."

पंतांनी मोबाइल पालथा ठेवला. इकडे तिकडे पाहिलं, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि आवाज अगदी खाली आणला.

"त्र्याण्णव?" ते म्हणाले. "अहो, मग टेबल किती सोपं आहे बघा!"