थीमआत्या

साखरपुड्याचे पेढे अजून तोंडात असतात. मुलीचे बाबा हॉलच्या भाड्याचा आकडा मनातल्या मनात पचवत असतात, आई मानपानाच्या साड्यांची यादी करायला वहीत कोरं पान शोधत असते. तेवढ्यात सोफ्याच्या कोपऱ्यातून आवाज येतो, "ते सगळं होईल गं. थीम काय ठरली?"

आमच्याकडे हा आवाज आत्याचा. तुमच्याकडे काकूचा असेल, धाकट्या मावशीचा असेल, नाहीतर जाऊबाईंच्या भावजयीचा. आमची आत्या शाळेत चित्रकला शिकवायची. ती निवृत्त झाली तेव्हा विद्यार्थी सुटले आणि नातेवाईक सापडले.

तिच्या पर्समध्ये एक शेडकार्ड असतं. भिंतींना द्यायच्या रंगांचं, पंख्यासारखं उलगडणारं. घर कधीच रंगवून झालं, कार्ड मात्र राहिलं. समोर येईल त्या वस्तूला ती ते लावते, एक डोळा बारीक करते आणि निकाल देते, "थीममध्ये जात नाही."

एका पुतणीच्या लग्नात थीम होती पेस्टल. पेस्टल म्हणजे काय, असं बाबांनी विचारलं. "धुऊन धुऊन मऊ झाल्यासारखे रंग, दादा." बाबा म्हणाले, "मग मला खरेदीला नेऊ नका. माझे सगळे शर्ट पेस्टलच आहेत."

या पेस्टलपायी झेंडू गेला. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, पहाटेच्या गर्दीत, आत्यानं झेंडूच्या ढिगावर कार्ड धरलं आणि मान हलवली. फुलवाला वैतागून म्हणाला, "मावशी, लग्नाला झेंडू नको तर काय देऊ, कोबी?" आत्यानं कोबीचा खरोखर विचार केला. फिकट हिरवा थीममध्ये जात होता. भाजीबाजाराकडे वळलेली तिची पावलं आम्ही मोठ्या मुश्किलीनं परत फिरवली. शेवटी निशिगंध आणि पांढरी शेवंती घेतली. मांडव इतका पांढरा झाला, की मुलाकडची एक आजी दारातच थबकली आणि हळूच विचारती झाली, "कुणी गेलं का हो?"

जेवणात मठ्ठा पास झाला, जिलबी नापास. जिलबीचं ताट पडद्यामागे ठेवायचा हुकूम सुटला. अर्ध्या तासात सगळं वऱ्हाड पडद्यामागे. गुरुजी लालभडक कद नेसून आले होते. आत्या कार्ड घेऊन दोन पावलं पुढं झाली, पण त्यांनी चष्म्यावरून असं काही पाहिलं, की मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधीच ती सावधान झाली.

तिचं खरं भांडण आपल्या विधींशी आहे. हळद पिवळी, अष्टपुत्री पिवळी, चुडा हिरवा, कुंकू लाल आणि शालू त्याहून लाल. हे सगळं ठरवताना पूर्वजांनी कुणाला विचारलं होतं की नाही, असा तिचा सवाल असतो. मुंडावळ्या तेवढ्या मोत्याच्या असतात म्हणून वाचल्या.

पुढच्या लग्नात पेशवाई आली. स्टेजमागे शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाचा भलाथोरला फ्लेक्स. हत्तींनी धडका देऊ नयेत म्हणून त्या दरवाजावर अणकुचीदार खिळे आहेत. ते नेमके नवरदेवाच्या डोक्यामागे आले, त्यामुळे अल्बमभर तो शरशय्येवर उभा आहे. फोटो कुठूनसा उतरवून घेतलेला, म्हणून कोपऱ्यात एका पर्यटकाची निळी पाठपिशवीही छापून आली होती. ("निळी जात नाही," आत्या म्हणाली. पिशवी पेशवाईत जाते की नाही, हा प्रश्न तिला पडला नाही.) हॉलवाल्यांनी भिंतीत खिळा ठोकायला मनाई केली होती. चित्रात खिळेच खिळे आणि चित्र धरायला एकही नाही. खरा वाडा 1732 साली उभा राहिला आणि 1828च्या आगीत जळाला. आमचा वाडा रिसेप्शनच्या रांगेतच, मोठ्या पंख्याच्या वाऱ्यानं, आहेर घेऊन आलेल्या जोडप्यावर बसला.

हल्ली डेकोरेटर 'पर्सनल थीम'चं पॅकेज देतात. त्यात नावाची आद्याक्षरं तेवढी पर्सनल. बाकी मोराचं कटआउट, झोपाळा आणि दिव्यांच्या माळा काल दुसऱ्याच्या लग्नात उभ्या होत्या, उद्या तिसऱ्याच्या लग्नात जातील. टेम्पोही तोच. आत्याचा त्रास पॅकेजमध्ये मिळत नाही, एवढं तिच्या बाजूनं म्हणायला हवं.

आणखी एक गोष्ट नाइलाजानं कबूल करतो. आमचं देवक पंचपल्लव. ते आणायचं कुणी, यावर घरात सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. आत्या मात्र मांडवाच्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन एकटी निघते आणि वड, पिंपळ, उंबर, आंबा गोळा करून आणते. पाचव्या झाडाबद्दल घरात दोन मतं आहेत, म्हणून ती दोन्ही आणते. त्या पानांना ती कार्ड लावत नाही. ओल्या फडक्यानं एकेक पान पुसते, देठ जुळवते आणि दोऱ्याची गाठ स्वतः मारते.

तिचं स्वतःचं लग्न 1973च्या उन्हाळ्यात झालं, दुष्काळ चालू असताना, शाळेच्या वर्गात. चहा, चिवडा, संपलं. एकच फोटो आहे, कृष्णधवल. नवरानवरीच्या मागे फळा दिसतो. त्यावर खडूनं काढलेलं भरगच्च तोरण, आंब्याची पानं, मधोमध नारळाचा कलश. ते नवरीनंच आदल्या रात्री स्टुलावर चढून काढलं होतं. खडू रंगीत होते, असं ती सांगते. फोटोत सगळं राखाडी आहे. शालूचा रंग विचारला तर बाबा जांभळा म्हणतात, मोठी काकू मोरपंखी म्हणते. आत्या म्हणते, "डाळिंबी होता," आणि विषय बदलते.

परवा चुलतभावानं जाहीर केलं, आपण नोंदणी पद्धतीनं लग्न करणार. 1954चा विशेष विवाह कायदा, 30 दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार आणि सह्या. फूल नाही, फ्लेक्स नाही. सगळं घर सुटल्यासारखं हसलं. आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "30 दिवस म्हणजे भरपूर झाले. साक्षीदार कोण कोण आहेत?"

त्यातला एक मी आहे. मला पिस्ता आला आहे.