कॉटचा सातबारा

पुण्यात विद्यार्थ्यांना परवडणारं घर मिळत नाही, ही ओरड मुळातच चुकीची आहे. विद्यार्थी घर मागतोच कुठे? तो कॉट मागतो. सदाशिव, नारायण पेठेत विजेच्या खांबांवर आणि झेरॉक्सच्या दुकानांच्या काचांवर चिकटवलेले कागद वाचा : ‘कॉट बेसिसवर जागा देणे आहे.’ कॉट म्हणजे माणूस आडवा होईल एवढी लोखंडी चौकट, खाली बॅग, उशाशी चालू घडामोडींचे अंक आणि सर्वांत मिळून असलेल्या एक्स्टेंशन बोर्डावरचं एक भोक. फ्लॅटचं भाडं एकूण जागेचं असतं, कॉटचं माणशी. म्हणून तीन कॉटच्या खोलीत चौथी घुसवली की विद्यार्थ्याच्या वाट्याची हवा कमी होते, दर कमी होत नाही आणि मालकाचं उत्पन्न एक तृतीयांशाने वाढतं. विद्येच्या माहेरघरातली महागाई ही अशी खोल्यांपेक्षा भागाकारातून आलेली आहे.

सरकारला ही कॉट दिसत नाही असं मात्र म्हणता येणार नाही. दिल्लीला ती दिसली. जून २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने ठरवलं, की सलग ९० दिवस राहणाऱ्याकडून माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंत निवासशुल्क घेतलं तर त्यावर कर नको. मुंबईलाही दिसली. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये स्वाधार योजना आली, तिच्यात पुण्यासाठी निवास भत्ता ठरला तोही २०,००० रुपयेच, फक्त वर्षाला. म्हणजे महिन्याचे १,६६७. आकड्यावर केंद्र आणि राज्य यांचं इतकं एकमत क्वचितच होतं, तेव्हा महिना की वर्ष या किरकोळ तपशिलात शिरू नये. ज्याला शिरावं लागतं तो सध्या गावाकडे फोन करून पैसे मागतो आहे.

विद्यार्थ्याला रीतसर भाड्याने जागा का देत नाही, यावर मालकवर्गाचं उत्तर ठरलेलं असतं : एकदा आत घेतलेला भाडेकरू निघत नाही. ही भीती निराधार नव्हती. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला जखडली आणि पेठांतल्या वाड्यांची डागडुजी कायमची थांबली. ज्याचे आजोबा त्यात पोळले, तो ताकही फुंकून पिणार. पण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ सांगतं, की लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही जागा सोडली नाही तर मालकाला ताबा मिळतो आणि तोवर दुप्पट दराने नुकसानभरपाई. संरक्षण पुरेपूर आहे, अट एवढीच की करार लेखी हवा. आणि नेमका तोच कॉटला नसतो. डिपॉझिट रोख, पावती मागितली तर कपाळाला आठ्या, आणि ‘आमच्याकडे सगळे विश्वासावर राहतात’.

गंमत पुढे आहे. याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य, ते खोटं ठरेपर्यंत. ते कलम स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासक्रमात नाही. त्यामुळे राज्यघटनेची कलमं झोपेतही बिनचूक म्हणणारा उमेदवार ज्या कॉटवर झोपतो तिच्याबद्दल अवाक्षर काढत नाही. काढलं तरी पूर्वपरीक्षा तोंडावर असताना कोर्टात कोण जातो?

पेठ महाग वाटते तर नऱ्हे, आंबेगावला जावं, असाही सल्ला मिळतो. तो देणाऱ्याने रात्री अकराला अभ्यासिका बंद झाल्यावर स्वारगेटवर बसची वाट पाहून दाखवावी. दुसरा सल्ला वसतिगृहाचा, पण त्याची यादी लागते तीच मुळी कोण बाहेर राहिलं ते कळावं म्हणून. आणि मुलं दंगा करतात, हा आक्षेप खराच आहे, पण दंग्याची किंमत भाड्यात आगाऊ वसूल होते आणि डिपॉझिटमधून रंगकामाच्या नावाने पुन्हा.

तेव्हा फ्लॅटबिट राहू दे, आता कॉटचाच सातबारा काढा. खोलीत किती कॉट, पंखा कुणावर, खिडकी कुणाच्या वाट्याला, संडास किती जणांत, सगळं उताऱ्यावर येऊ दे आणि पुढे भाड्याचा आकडा. यात खर्च वाढेल, असं एजंट म्हणतील. महिना ५,००० ची कॉट ११ महिन्यांसाठी नोंदवली तर भाड्यावरचं मुद्रांक शुल्क पाव टक्क्याने १३७ रुपये ५० पैसे, नोंदणी फी १,०००. एजंटची एक महिन्याची दलाली ५,०००, आणि तिचीही पावती मिळत नाही.