हप्त्यावरचे मालक

"भाड्यातून हप्ता निघतो हो!" असं जो चारचौघांत सांगतो, त्याचा हप्ता भाड्यातून निघत नसतो, हे खुशाल समजावं. आमचे नाना हे वाक्य रोज म्हणतात. स्वतः राहतात पुण्यात नारायण पेठेत, दीड खोलीत. मालक मात्र आहेत खराडीतल्या टू बीएचकेचे.

फ्लॅट त्यांनी 2021 मध्ये घेतला. कर्ज 50 लाख, व्याज 6.7 टक्के, मुदत वीस वर्षं, हप्ता 37 हजार 900. भाडं येणार होतं 24 हजार. "वरचे चौदा म्हणजे सक्तीची बचत," असं त्यांनी मला चहा पाजून समजावलं होतं. पुढे रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2023 पर्यंत रेपो दर चारावरून साडेसहावर नेला आणि हप्ता साडेपंचेचाळीस हजारांवर गेला. भाडेकरूला हे कोणी कळवलं नाही. त्याचं भाडं 24 हजारच राहिलं.

तेव्हापासून नाना पतधोरण असं पाहतात, जशी माणसं वर्ल्ड कपची फायनल पाहतात. जून 2025 मध्ये रेपो एकदम अर्ध्या टक्क्याने उतरला, तर संध्याकाळी पेढे घेऊन दारात! अर्धा टक्का म्हणून प्रत्येकाला अर्धाच दिला, ही गोष्ट वेगळी.

नानांचा महिना पाच तारखेला सुरू होतो. पाचला हप्ता कापला जातो आणि भाडं येतं दहाला. मधले पाच दिवस ते फोन उशाशी घेऊन झोपतात. भाडेकरू चोवीस वर्षांचा, आयटीतला. नाना त्याला 'साहेब' म्हणतात, तो यांना 'अंकल'. एकदा साहेबांचा गीझर बिघडला. नानांनी प्लंबरला स्कूटरवर मागे बसवून खराडीला नेलं, मीही सोबत होतो. नवा गीझर बसेपर्यंत नाना स्टुलाशेजारी टॉर्च धरून उभे. साहेब एसीत मीटिंगमध्ये. मध्येच दार उघडून त्यांनी आम्हाला बाहेरून मागवलेली कॉफी दिली. पेल्यावर 280 रुपयांचं बिल चिकटवलेलं होतं. नानांनी ते दोनदा वाचलं. नानांच्या घरी आजही बादलीत हीटरची कॉइल सोडून पाणी तापतं.

भाड्यातून काय काय जातं ते त्यांच्या डायरीत 'नावे' बाजूला आहे. सोसायटीचा मेंटेनन्स. भाडेकरू ठेवला म्हणून त्यातल्या सेवाशुल्कावर 10 टक्के नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस. महापालिकेच्या मिळकतकरात स्वतः राहणाऱ्याला 40 टक्के सवलत मिळते. नाना स्वतः राहत नाहीत, म्हणून तीही गेली. दर अकरा महिन्यांनी नवा करार, त्याची नोंदणी, अंगठा आणि एजंटाचं एक महिन्याचं भाडं. 'जमा' बाजूला एकच ओळ.

पण खरी मेख डिपॉझिटची. तीन महिन्यांचे 72 हजार नानांनी 'बाजूला' ठेवले होते. ते कोणत्या बाजूला, हे पहिला भाडेकरू सोडून जाताना कळलं. चढलेल्या हप्त्यांनी ते केव्हाच गिळले होते. मग नव्या भाडेकरूचं डिपॉझिट घेऊन जुन्याला दिलं. याची टोपी त्याला! हा खेळ टोप्या येत राहतात तोवर छान चालतो. गेल्या महिन्यात साहेबांची बदली बेंगळुरूला झाली. ते डिपॉझिट मागताहेत आणि नवं डोकं काही दिसत नाही. काकूंची एफडी मोडायची गोष्ट निघाली, तेव्हा काकू माहेरी गेल्या. एफडीची पावती बरोबर घेऊन.

"विकून टाका ना," मी म्हटलं.

नाना दुखावले. "विकू? अहो, म्हातारपणाची सोय आहे ती!" नाना 61 वर्षांचे आहेत.

तर कोणी बघण्यात असेल तर कळवा. खराडी, टू बीएचके, सहावा मजला, गीझर नवा. आधी अट होती : फॅमिली, शाकाहारी, शक्यतो मराठी. दुसऱ्या आठवड्यात बॅचलर चालू लागले, तिसऱ्यात अंडी. काल नानांनी स्वतः मासे खाणाऱ्यांबद्दल विचारलं. पाच तारखेच्या आत येणाऱ्याला कुत्राही ठेवता येईल.