घरपट्टी, पाणीपट्टी आणि पुस्तकपट्टी

कोलंबस, ओहायो

ती. आप्पा आणि माय यांना,


डाळीला शिट्ट्या होईपर्यंत जेवढं होईल तेवढं लिहिते. पार्सल पोचलं. बिबड्यांचा निम्मा चुरा झालाय, पण तळल्यावर कोण बघतं! तिखटाच्या पिशवीला दुसरीच चिकटपट्टी दिसते, म्हणजे कस्टमवाल्यांनी उघडून पाहिली असणार. शिंकले असतील तर दोंडाईच्याच्या मिरचीनं नाव राखलं म्हणायचं. माय, कळण्याचं पीठ एवढं कशाला गं? इथे भाकरी थापली की ती आधी फाटते आणि मग तुझी आठवण येते.

आता आप्पांच्या फोनबद्दल. अमेरिकेत लायब्ररीच्या नावाखाली घरमालकाला लुबाडतात, असं नानामामांनी तुमच्या डोक्यात भरवलंय. लुबाडतात की नाही ते तुम्हीच ठरवा, मी हिशेब देते. इथली घरपट्टी मिलमध्ये मोजतात. एक मिल म्हणजे करपात्र किमतीच्या हजारामागे एक डॉलर. करपात्र किंमत बाजारभावाच्या ३५ टक्के धरतात, त्यामुळे लाख डॉलरच्या घरावर एका मिलचे ३५ डॉलर होतात. २०२४ च्या नोव्हेंबरात ज्या मतपत्रिकेवर वर ट्रम्प आणि हॅरिस होते, तिच्यावरच खाली कोलंबस मेट्रोपॉलिटन लायब्ररीची दीड मिलची मागणी होती, २०१० नंतर पहिल्यांदाच. म्हणजे लाखामागे साडेबावन्न डॉलर. तीन लाखांच्या घराला वर्षाला दीडशेच्या वर, रुपयांत तेरा हजारांपुढे. (आप्पा, खाली बसा. माय, पाणी दे त्यांना.) लाखामागे किती पडतील हा आकडा मतपत्रिकेवरच छापावा लागतो, तसा कायदाच आहे. लोकांनी तो वाचला आणि तरी हो म्हटलं. माझी चीड वेगळीच आहे. नागरिकत्व नसलेल्याला मत नाही, बिल मात्र न चुकता येतं. भाडेकरूही सुटत नाही, त्याच्या भाड्यात ते मुरलेलं असतंच.

एवढं असूनही मी या पट्टीच्या बाजूची आहे, आणि त्याचं कारण पुस्तकं पवित्र असतात हे नाही. या पैशाला नाव आहे, तो गावातच राहतो आणि देणाऱ्यांना विचारून घेतलेला आहे. तिन्ही गोष्टी एकत्र असल्या तरच कर अंगाला लागतो. तुमच्या बिलावर घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, सफाई, शिक्षण कर, वृक्ष कर असतात. दुकानाला रोजगार हमी कर वेगळा. शिक्षण कराला नाव आहे, पण नगरपालिका तो गोळा करते आणि सरकारच्या तिजोरीत भरते. त्याचं गावाच्या शाळेत काय झालं, असं दोंडाईच्यात कोणी कधी विचारलंय? बाजार समितीत तोलाई-हमालीच्या पैशापैशासाठी भांडणारे तुम्ही, या ओळीवर मात्र गप्प. विचारायचं कोणाला, हेच ठाऊक नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे वाचनालयांना सरकार अनुदान देतंच की. देतं. १९६७ च्या कायद्यानं महाराष्ट्रात ग्रंथालय कर लावलाच नाही; संस्था चालवायची लोकांनी आणि अनुदान द्यायचं सरकारनं, अशी रीत पडली. २०२२ मध्ये हे अनुदान साठ टक्क्यांनी वाढलं, तेव्हा ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाच्या वाट्याला वर्षाला ४८,००० रुपये आले. त्यातले निम्मे पगाराचे, म्हणजे महिन्याला दोन हजार. या पैशात ग्रंथपाल मिळत नाही, कुलूप उघडणारा मिळतो. मग वाचनालय संध्याकाळी दोन तास उघडं आणि पेपर एक, वाचणारे दहा. दोष त्या माणसाचा नाही. त्याचं पोट गावावर अवलंबून नाही, मुंबईहून येणाऱ्या हप्त्यावर आहे.

मग कर लावूनच टाका? इतरांनी लावून पाहिलाय. मद्रासनं १९४८ च्या कायद्यातच घरपट्टीवर ग्रंथालय उपकर बसवला, कर्नाटकनं १९६५ मध्ये. गोव्यानं तर १९९३ मध्ये विदेशी दारू आणि बियरवर बसवला. पिणाऱ्यानं वाचणाऱ्याला पोसायचं, हे नानामामांना अवश्य सांगा, त्यांचा जीव हलका होईल. पण कर्नाटकात काय होतं बघा. महापालिका घरपट्टीबरोबर उपकर वसूल करते आणि ग्रंथालय खात्याला पुरता देत नाही. एकट्या बंगळुरूची थकबाकी शेकडो कोटींत गेल्याच्या बातम्या येत राहतात. नाव होतं, पैसाही होता. विचारणारं कोणी नव्हतं. म्हणून माझा भर करावर कमी आणि विचारण्यावर जास्त आहे.

लोक कर वाढवायला कधीच हो म्हणणार नाहीत, हा तुमचा पुढचा मुद्दा मला इथूनच ऐकू येतो. २००९ मध्ये ओहायो राज्यानं ग्रंथालयांचा पैसा कापला, तेव्हा कितीतरी लायब्ऱ्यांना लोकांपुढे हात पसरावे लागले, आणि बहुतेकांना पैसे मिळाले. शेजारच्या वेस्टरव्हिलनं १९९८ मध्ये बागा आणि खेळासाठी पाव टक्का आयकर स्वतःहून मान्य केला. त्यातून पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा असलेलं केंद्र उभं राहिलं, आणि २०१४ मध्ये लोकांनी तो कर पुढे चालू ठेवला. १९७६ पासून इथे असाही नियम आहे की घरांचे भाव वाढले म्हणून लायब्ररीसाठी आधी मंजूर झालेला कर आपोआप फुगत नाही. म्हणजे महागाई वाढली की लायब्ररीला पुन्हा मतदारांच्या दारात जावं लागतं. ज्याला पुन्हा दारात यायचंय तो नीट वागतो. कोलंबसच्या लायब्ररीनं २०१७ मध्ये उशिराचा दंडच बंद केला, कारण दंडाला भिऊन माणसं येईनाशी होतात आणि न येणारा माणूस मत देत नाही. (दुसरं कारण माझं. ते तसं लिहिणार नाहीत.)

खरा अवघड आक्षेप तुम्ही घेतलाच नाही, म्हणून मीच घेते. श्रीमंत गावाची एक मिल भरपूर आणते, गरीब गावाची चिल्लर. नुसतं गावावर सोडलं तर शिरपूर पोहायला शिकेल आणि आदिवासी पाडा कोरडाच राहील. इथेही राज्याचा वाटा वेगळा असतोच. पण हे शिकायला अमेरिका कशाला? आपल्या शेजारच्या कौळाण्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड १९१० पासून बडोद्यात हेच करत होते: गावानं तिसरा हिस्सा जमवायचा, की तेवढाच स्थानिक मंडळ आणि तेवढाच सरकार घालणार. गावाच्या गाठीचे पैसे गेले की हिशेब विचारायला गाव येणारच. दोंडाईच्यानं वाचनालयासाठी आणि एखाद्या सपाट मैदानासाठी अशी पट्टी पाच वर्षांपुरती, गावाला विचारून लावून पाहावी. सरकारनं तेवढेच घालावेत. पाच वर्षांनी पुन्हा विचारावं.

नानामामांचं एका बाबतीत बरोबर आहे, हे त्यांना सांगू नका. घराची किंमत वाढते, म्हाताऱ्याची पेन्शन वाढत नाही, आणि घरपट्टी घराकडे बघते, माणसाच्या खिशाकडे नाही. त्यापायी २०२५ मध्ये ओहायोत घरपट्टीच रद्द करा म्हणून सह्या गोळा व्हायला लागल्या. तसं झालं तर लायब्ररीबरोबर शाळाही बसतील. राग मात्र खोटा नाही. निवृत्तांना सूट हवी, ती पट्टी लावतानाच लिहावी.

शिट्ट्या कधीच झाल्या, जावई दोनदा डोकावून गेले. धाकट्याच्या सोयरिकीचं काय ठरलं? मुलीकडचे नंदुरबारचे असतील तर मिरचीवरून वाद नक्की, आधीच सांगून ठेवते. वहिनीला म्हणावं, माझी पैठणी नेसली तर नेसली, फोटो तरी पाठव. कानबाईचे रोट यंदा कोणाच्या घरी? सगळे एका ओट्यावर दाटीवाटीनं बसलेले दिसतात फोटोत, आणि मला मेलीला इथे बसायला सोफा केवढा मोठा दिलाय. यंदाची घरपट्टी भरलीत की बिलाचा फोटो टाका. दादाला सांगा, उभा धरून काढ, मागच्या वेळी नुसता तुमचा अंगठा आला होता.

तुमची,
ताई